पावसाळ्यात घरीच रेकॉर्ड केलेला अल्बम: विहीर, पायपेटी आणि मोटारीची घुरघुर. पुढे कसं जावं?

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी,

मी कुडाळ तालुक्यातला, कर्ली नदी खाडीला लागते त्या बाजूचा. दिवसा काजूच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रात्री जेवणं आटोपली की माजघरात लॅपटॉप उघडून बसतो. बाबा दशावतारात पखवाज वाजवतात. जत्रांचा हंगाम सुरू झाला की ते रात्री घरी क्वचितच सापडतात. पावसाळ्यात मात्र घरी असतात, त्यामुळे माझं बरंचसं काम पावसातच होतं आणि अर्ध्या अडचणी तिथूनच येतात.

मला गाण्यांचा अल्बम करायचा नाही. मुखडा नाही, अंतरा नाही, बहुतेक ठिकाणी शब्दही नाहीत. आजोबांची पायपेटी आहे. भात्याचं चामडं जुनं झालंय, पाय मारला की सुराआधी तिचा श्वास ऐकू येतो. तिच्यावर एकच सूर खूप वेळ धरून ठेवायचा, त्यात हळूहळू दुसरा मिसळायचा आणि मागे घराभोवतीचे आवाज, अशी कल्पना आहे. परसातल्या विहिरीचं रेकॉर्डिंग आहे: लाकडी रहाटाची कुरकुर, कळशी पाण्याला लागते तो आवाज. बाबांचा पखवाज आहे. दमट हवेत त्याचं कातडं सैल पडतं, कणीक कितीही नीट लावली तरी धुमा (खर्जाचं, डावं तोंड) हवा तसा बोलत नाही. बाबा म्हणतात, असा पखवाज माणसांसमोर आणायचा नसतो. मला मात्र तो सैल, बुडाशी बसलेला आवाज फार आवडतो, अल्बममध्ये तोच हवाय.

शिवाय आजी आणि शेजारच्या दोघी काकी भातलावणीच्या वेळी बांधावर गातात, ती गाणी रेकॉर्ड केली आहेत.

सामान थोडं आहे. दोन चॅनेलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), एक डायनॅमिक माइक, हातात धरायचा छोटा रेकॉर्डर, हेडफोन. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर. मॉनिटर स्पीकर नाहीत. घर चिऱ्याचं, वर कौलं.

आता अडचणी. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये घुरघुर येते. कधी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीची, कधी कसली ते कळतच नाही. कौलांवरचा पाऊस पेटीवर पसरतो आणि नॉइज काढायला गेलं तर पेटी पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. पण खरी अडचण वेगळीच आहे. एकेक तुकडा सुटा ऐकला तर मला पटतो. ओळीने लावले की तो आवाजांचा साठा वाटतो, अल्बम वाटत नाही. मित्र म्हणतात, गोव्याला नाहीतर पुण्याला स्टुडिओत जाऊन नीट कर. आजीला ऐकवलं तर ती म्हणाली, "पाऊस काय, भायर पडताच आसा. माझा गाणा खंय त्यात?"

आणि असलं काही आपल्याकडे ऐकणार तरी कोण, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी घरात बसून असं काही पुरं केलंय त्यांनी कृपया सांगावं.

जांभा_राजापूर

मित्रा, मी मुंबईत मालिका आणि सिनेमांच्या लोकेशन साउंडवर बरीच वर्षं काढली, आता गावी परतलोय. स्टुडिओत जाऊ नकोस. तिथे तुझी पेटी स्वच्छ येईल, पण तू सांगतोयस त्यातलं बाकी काहीच तिथे नाही.

घुरघुरीचं आधी बघू. ती हवेतून येतेय की वायरीतून, एवढं पहिल्यांदा ठरव. लॅपटॉपचा चार्जर काढ, बॅटरीवर चालव आणि हेडफोनमध्ये ऐक. गेली तर चार्जर किंवा घरातलं अर्थिंग. नाही गेली तर माइकची वायर विजेच्या वायरीपासून लांब ने, समांतर जात असेल तर काटकोनात वळव. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद कर. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा हळहळत बसू नकोस, रेकॉर्डिंगला बस. फ्रिज बंद, मोटार बंद, चार घरांचे टीव्ही बंद. तुझा इंटरफेस यूएसबीवर चालत असेल तर लॅपटॉपच्या बॅटरीवर सगळं होतं. गावात इतकी शांतता एरवी पहाटेही मिळत नाही.

मोटारीचा आवाज मात्र हवेतून येतोय आणि तो मी काढणार नाही. कारण सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. मोटारीच्या लोखंडातून येणारी घुरघुर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला असते. पाण्याच्या बऱ्याच मोटारी दोन पोलच्या असतात. पाटीवर २८८० आरपीएमच्या जवळपासचा आकडा दिसेल, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. त्याची दुप्पट ९६. शंभर आणि शहाण्णव एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. नीट कान दिलास तर अनेक मोटारींत हा झोल ऐकू येतो. मोटारीवरचा भार बदलला की फेरे बदलतात आणि झोलाची लयही बदलते. तुझ्या शेजारी फुकटात एक ठेका चालू आहे.

आता पेटी. हल्लीच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाने १०० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या (पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) जरा वर, पांढरी पाच आणि काळी चार यांच्यामधलं साधारण एक तृतीयांश अंतर गेल्यावर. जुन्या पेट्या ४४० ला असतीलच असं नाही. ट्यूनर लावून आजोबांच्या पेटीची पांढरी पाच कुठे बोलते ते बघ. जवळ असेल तर तोच षड्ज धर आणि मोटार चालू असताना वाजव. लांब असेल तर मोटारीचं रेकॉर्डिंग रीपरमध्ये किंचित खाली ओढून पेटीला मिळव. वीजही एकाच आकड्यावर स्थिर नसते, ग्रिडच्या नियमात ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतकी मोकळीक आहे. एवढा फरक सुरात सहज कळणार नाही, पण लांबलेल्या सुरात झोल हलताना कळेल.

पावसाचं. पाऊस सगळ्या पट्टीत पसरलेला असतो, म्हणून पेटीतून तो काढायला गेलास की पेटीही कुरतडली जाते. काढू नकोस. पाऊस वेगळा रेकॉर्ड कर: पडवीतून, कौलाखालून, पत्र्याच्या मांगरातून (शेतावरच्या खोपीतून), तिन्ही वेगळे येतात. वाद्यं मात्र जवळून घे. पखवाजाला २७ मिलिमीटरची पिएझो चकती लाव, म्हणजे कंपनं पकडून त्यांची वीज करणारी चकती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. कातड्यावर नको, लाकडी खोडाला दुतोंडी टेपने घट्ट बसव. ती हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, लाकडातला घेते, त्यामुळे वर धो धो पाऊस असला तरी बाबांचा हात स्वच्छ येईल. फक्त ती माइकच्या इनपुटला जोडू नकोस, खालचा आवाज सगळा उडतो. इंटरफेसवर गिटारसाठीचं हाय-झेड इनपुट असतं, त्यात घाल. त्याचा रोध एक मेगाओहमच्या घरात असतो आणि पिएझोला तेवढा लागतो. हीच चकती रहाटाच्या खांबाला लावून बघ.

आणि आता तुझी मुख्य अडचण. तुझे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत, कारण प्रत्येक तुकड्यात सगळंच बदलतंय. जागा वेगळी, वाद्य वेगळं, अंतर वेगळं. सगळ्या अल्बमभर राहील अशी एकच गोष्ट निवड आणि फक्त तिच्यात बदल होऊ दे. मला विचारशील तर ती तुझी विहीर.

विहिरीत फुगा फोड आणि मागे उरणारा घुमारा रेकॉर्ड कर. ती फाईल रीपरमधल्या रीव्हर्बमध्ये, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या इफेक्टमध्ये, टाकलीस की कुठलाही आवाज त्या विहिरीत वाजवल्यासारखा होतो. याला कन्व्होल्यूशन म्हणतात, रीपरबरोबर येणाऱ्या रीव्हर्बमध्ये ते आहे. आता गंमत अशी की आपल्या विहिरी वर्षभर सारख्या नसतात. वैशाखात पाणी तळाला असतं, चिऱ्याची खोल पोकळी मोकळी असते, घुमारा लांब आणि खाली. आषाढ-श्रावणात पाणी हाताला लागेल इतकं वर येतं, तेव्हा घुमारा आखूड होतो आणि वरच्या पट्टीत जातो. विहीर एक, जागा दोन. मधल्या महिन्यांत घेतलास तर तीन-चारही. पहिल्या ट्रॅकची पेटी वैशाखातल्या विहिरीत ठेव आणि पुढे पाणी चढू दे. ऐकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. जागा हळूहळू भरत चालल्याचं त्याच्या कानाला कळतं.

अजून एक. ट्रॅकवर ट्रॅक चढवत बसू नकोस. १९७९ मध्ये कॅसेटवर चार ट्रॅकचं पहिलं पोर्टास्टुडिओ आलं आणि लोकांनी चार ट्रॅकमध्ये घरी बसून मोठी कामं केली. तूही एका तुकड्यात चारच ठेव. पाचवा हवासा वाटला तर आधीचा एक काढ.

कर्लीकाठ

काका, मोटारीचं खरंच आहे! कालच तुमचं वाचून मागच्या दारी उभा राहिलो. शेजारी बागेला पाणी देत नव्हते, टाकी भरत होते. तो झोल इतकी वर्षं ऐकतोय, पण कधी लक्षच दिलं नव्हतं. बाबांना बोलावलं. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि बोटांनी कट्ट्यावर त्याच्या निम्म्या लयीत ठेका धरला. बोलले काही नाहीत.

वैशाखातलं विहिरीचं रेकॉर्डिंग कळशीचं आहे, फुग्याचं नाही. त्यातून घुमारा काढता येईल का?

देवगड_डीबी

मी मुंबईत मिक्सिंग करते, माहेर देवगडचं. जांभाकाकांच्या सांगण्यात थोडी भर.

कळशीच्या आवाजातून काढता येतो, पण मग कळशीचा स्वतःचा खणखणाटही प्रत्येक सुरावर चढेल. तो हवा असेल तर छान, पितळेचा रंग येईल. स्वच्छ घुमारा हवा असेल तर पुढच्या वैशाखापर्यंत थांब. थांबायला काहीच हरकत नाही. कुणी तारीख दिलेली नाही.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला ठेव आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवायची पातळी) दे. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, घाबरून गेन चढवायची गरज नाही.

मॉनिटर नाहीत म्हणून अडू नकोस, पण नुसत्या हेडफोनवर निर्णय घेऊ नकोस. हेडफोनमध्ये डावं-उजवं खूप रुंद वाटतं आणि खालच्या सुरांचा अंदाज चुकतो. गावात भजनी मंडळाचा स्पीकर असेल, त्यावर ऐक. गाडीत ऐक. सगळं मोनो करून ऐक. मोनोत पेटी गायब होत असेल तर दोन माइकची फेज भांडतेय, म्हणजे दोघांतल्या लहरी एकमेकींना खोडतायत.

पावसाबद्दल एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. एमपी३ आणि तशाच दाबलेल्या फाईलींना सगळ्यात जड जातात ते पाऊस, लाटा, टाळ्या असे आवाज. कमी बिटरेटला पाऊस गरगरायला लागतो. म्हणून अल्बम पाठवण्याआधी १२८ केबीपीएसला एकदा बदलून ऐक. पाऊस फाटत असेल तर त्याची वरची पट्टी हलकी उतरव किंवा त्याला थोडं मागे ने.

आवाज मोठा करण्याच्या मागे लागू नकोस. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) सगळं आणून ठेवतं, म्हणजे तू कितीही चेपून मोठं केलंस तरी ते खालीच ओढलं जाणार. तुझ्या पेटीचा श्वास हलका आहे, त्याला हलकाच राहू दे. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस, एवढं पुरे.

दमट हवेत कंडेन्सर माइक चरचरतात. उद्या घेतलास तर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव. डायनॅमिकला तेवढी भीती नसते.

ओवी_सावंतवाडी

बाकीचे आवाजाचं बघतायत, मी आजीच्या बाजूने बोलते. मी लोकगीतं जमवते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

भातलावणीच्या गाण्याला कवी सापडणार नाही, ते सगळ्यांचं आहे. पण ते त्या दिवशी त्या बांधावर ज्या गळ्यांतून आलं, तो गळा त्या तिघींचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात सादर करणाऱ्याचे हक्क ३८ व्या कलमात दिले आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी पक्के केले. सादरीकरणानंतर ५० वर्षं ते टिकतात. गाणारी बाई शेतात गाते की रंगमंचावर, याने फरक पडत नाही. तेव्हा एका पानावर साध्या मराठीत लिही: काय रेकॉर्ड केलं, ते कुठे वापरणार, त्यात काय बदल करणार, पैसे आले तर वाटा किती. वाचून दाखव, मग सह्या किंवा अंगठे घे. बदल काय करणार हे तोंडी सांगून कळत नाही, ते कानाला ऐकवायला लागतं. तुकडा तयार झाला की तिघींना बोलावून ऐकव आणि नको म्हणाल्या तर तो काढ. अल्बमवर नावं कशी हवीत तेही त्यांनाच विचार. काही जणींना माहेरचं नाव हवं असतं.

आजीने तुला विचारलं ते नीट ऐक, अशी माझी विनंती आहे. तिच्या गाण्याला सूर आहे, शब्द आहेत, वाकून काम करताना लागणारा दम आहे. तो तुकडे करून विहिरीत टाकण्याआधी एकदा तरी अख्खा ऐकू येऊ दे.

"ऐकणार कोण" याबद्दल. हे बाहेरून आणलेलं खूळ आहे असं तुला कोणी म्हणालं तर सांग, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला होता आणि पुढची तीनेक वर्षं गीता साराभाई, अतुल देसाई अशी आपली माणसं तिथे टेपवर प्रयोग करत होती. ऐकणारे तेव्हाही थोडे होते. काम झालं.

प्रकाशनाचं थोडक्यात. बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, शिवाय पैशांच्या देवघेवीचं शुल्क कापलं जातं, बाकी तुझे. ते पैसे पेपालमार्फत येतात, पण पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे, तेव्हा गावातल्या, मुंबईतल्या ओळखीच्या लोकांसाठी यूपीआयवर पैसे घे आणि फाईलची लिंक स्वतः पाठव. स्पॉटिफायवर टाकायचं तर वितरकामार्फत टाक, प्रत्येक ट्रॅकची ओळख सांगणारा बारा अंकाक्षरांचा आयएसआरसी क्रमांक बहुतेक वितरक देतात. तिथे वर्षभरात १००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला पैसे मिळत नाहीत, हे २०२४ पासून आहे. त्यामुळे कमाईची भिस्त त्यावर ठेवू नकोस.

कर्लीकाठ

ताई, रविवारी तिघींना ओटीवर बसवून ऐकवलं. पेटी आणि विहीर त्यांनी शांतपणे ऐकली. गाण्याच्या तुकड्याला आजीने हात वर केला. म्हणाली, "मधीच तोडू नको. आणि दुसरा कडवा आमचा चुकला हा, परत घे." काकी म्हणाल्या, बसून गाता येत नाही, वाकल्यावरच दम जमतो, तर वरच्या मळ्यातली लावणी उरलीय तिथे ये. कागद वाचून दाखवला. वाट्याच्या आकड्यावर तिघी हसल्या, मी तो आकडा तसाच ठेवलाय. नावं माहेरच्या गावांसकट हवी आहेत.

त्यामुळे आता असं ठरवलंय: गाणं अख्खं, न तोडता, एका ट्रॅकवर, कुठलाही रीव्हर्ब न लावता. अल्बममध्ये विहिरीबाहेरची जागा तेवढी एकच. बाकी सगळं विहिरीत, पाण्याच्या चढत्या क्रमाने. बाबा सैल पखवाज वाजवायला तयार झालेत, मात्र मोटार चालू असतानाच वाजवीन म्हणतात.

काका, एवढंच सांगा, फुगा कुठे फोडायचा? पाणी आता बरंच वर आलंय, दोन दिवसांत उघडीप मिळेल असं वाटतंय.

जांभा_राजापूर

रेकॉर्डर रहाटाच्या आडव्या लाकडाला बांध, तोंड खाली. फुगा काठीच्या टोकाला लावून काठाच्या खाली हातभर सोड आणि दुसऱ्या काठीला टाचणी लावून फोड. गेन अगदी कमी ठेव, पहिला ठोका फार मोठा असतो. दोन-तीन आकारांचे फुगे घे, मोठ्या फुग्याने खालचे सूर जास्त चांगले येतात. फोडल्यावर शेवटपर्यंत कोणी हलायचं नाही. पागोळ्या पूर्ण थांबल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि प्रत्येक वेळी दोरीने पाण्याची पातळी मोजून फाईलच्या नावात लिहून ठेव.